साठीनंतरची मोटरसायकल: एकट्याने आणि डबलसीट (सातारा-सांगली)

माहुली_संगम

सकाळी सहाला पोवई नाक्यावरून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासला ऊन पठारावर पसरेपर्यंत थांबायचं आणि साडेनऊला नाश्त्याला घरी. किंवा सांगलीहून भिलवडीमार्गे औदुंबर, मागे घरची मंडळी डबलसीट. साठी ओलांडल्यावर हे सुख पुरेपूर घेता येतं. गाडी, शरीर आणि सवयी यांची जुळणी मात्र नव्याने करावी लागते. त्या जुळणीसाठी हा धागा. ‘या वयात कशाला’ ही चर्चा इथे नको. मापं, पद्धती, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच लिहा.

सुरुवात माझ्याकडून. या वयात सगळ्यात जास्त जपायचं ते वेग शून्याजवळ असताना: थांबताना, यू टर्न घेताना, स्टँडवरून काढताना. ढोबळ हिशेब बघा. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक 350 चं वजन 195 किलो, चालवणारा 70, मागे 55. एकूण 320. या सगळ्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण पाऊण मीटरवर, आणि टेकलेला पाय चाकांच्या रेषेपासून 40 सेंटिमीटर बाजूला. गाडी 5 अंश कलली की त्या पायावर पन्नासेक किलो भार येतो. 10 अंश कलली की शंभरावर जातो. 5 अंश डोळ्याला जेमतेम दिसतात. ताकदीने सावरू हा भरवसा सोडा आणि गाडी कलूच नये असं थांबायला शिका.

थांबण्याची पद्धत: हँडल सरळ. शेवटचे दोन-तीन मीटर पुढचा ब्रेक हळूहळू सोडून फक्त मागचा. उजवा पाय मागच्या ब्रेकवरच ठेवायचा, जमिनीवर डावा. नजर समोर लांब. पाय कुठे पडणार ती जागा आधी बघून घ्यायची आणि नंतर खाली बघायचं नाही. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी वळलेल्या बाजूला आपटते. चालण्याच्या वेगातही हे होतं, किंबहुना त्या वेगातच होतं.

आणि साईडपट्टीवर थांबू नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला डावीकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे डाव्या पायाला जमीन दोन-चार सेंटिमीटर उशिरा लागते. वर बारीक खडी असतेच. पेट्रोल पंप, हॉटेलचं आवार, बसथांब्याची सपाट जागा बघून थांबा.

पाना_नंबर_दहा

माहुलीकाकांनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय. गाडी निवडतानाही हाच हिशेब लावायचा.

सीटची उंची कागदावर बघून फसू नका. अ‍ॅव्हेंजर 220 ची सीट 737 मिमी, मिटिऑर 350 ची 765, हंटर 350 ची 790, क्लासिकची 805. पण सीट पुढच्या टोकाला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय आखूड पडतो. शोरूममध्ये बूट घालून बसा, दोन्ही तळवे पूर्ण टेकतात का बघा, मग डबलसीटला माणूस बसवून परत बघा. मागे वजन आलं की शॉकअप दबतात आणि सीट थोडी खाली येते.

सीट बुटकी करायची असेल तर कुशनवाल्याकडून वरचा फोम 20 ते 25 मिमी तासून घ्या. त्याहून जास्त तासला तर खालच्या पत्र्याचा हाडाला त्रास होतो. शॉकअप बदलून गाडी बुटकी करू नका. स्टँडची लांबी, गाडीचं झुकणं, चेनचा ताण, सगळं बिघडतं.

वजन: ज्यांना फक्त गावात आणि पन्नास किलोमीटरच्या आत फिरायचं आहे त्यांनी युनिकॉर्नसारखी 140 किलोच्या आसपासची गाडी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. घाटात डबलसीटला ताकद पुरते आणि दारात ढकलताना कंबर शाबूत राहते. अ‍ॅव्हेंजर किंवा मिटिऑर बुटकी म्हणून आवडते, पण क्रूझरमध्ये पाय पुढे असतात. खड्डा आला की फूटरेस्टवर उभं राहून धक्का झेलता येत नाही, सगळा हादरा माकडहाडावर. ज्यांच्या कमरेत गॅप आहे त्यांनी सरळ बसायची गाडीच घ्यावी.

हातासाठी: क्लच कडक वाटला तर आधी केबल. ती गंजली किंवा आतून फाटली की बोटं दुखतात आणि लोक संधिवाताला दोष देतात. नवी केबल स्वस्त असते. लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिमी मोकळा खेळ राहिला पाहिजे. नव्या गाड्यांत स्लिपर-असिस्ट क्लच येतो, तो खरंच हलका असतो. अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर जाड ग्रिप लावा, मूठ कमी आवळावी लागते.

पायासाठी: गिअरला टाच-चवडा दोन्हीकडचा लिव्हर असू द्या. वरचा गिअर टाचेने खाली दाबून पडतो, चवड्याने उचलावं लागत नाही. डाव्या घोट्याला मोठा आराम. आणि किकवाली जुनी गाडी कितीही जिवाभावाची असली तरी सेल्फ असलेलीच रोज वापरा. जुन्या बुलेटची किक उलटी आली तर गुडघा आणि घोटा दोन्ही जातात.

हळदपेठ_सांगली

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने पाय पलीकडे टाकायचा कसा? फिरवून टाकताना बॅकरेस्टला टाच अडकते आणि गाडीसकट तोल जातो. शोरूमवाले फक्त ‘सवय होईल’ म्हणतात.

फिजिओ_मिरज

आधी सर्जनची परवानगी, ती टाळू नका. गाडीवर बसल्यावर गुडघा काटकोनाच्या आसपास वाकतो, ते बहुतेकांना जमतं. अडचण पलीकडे जातानाच येते, कारण लोक पाय सरळ ठेवून मागून फिरवतात. त्याला खुब्यात जी मोकळीक लागते ती साठीनंतर कमी होते.

असं करा. गाडी साईड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बंद. डावीकडे उभं राहून दोन्ही हात हँडलवर, पुढचा ब्रेक दाबलेला. अंग पुढे, टाकीकडे झुकवा. उजवा गुडघा छातीकडे वाकवून आणा आणि सीटच्या सगळ्यात खोलगट भागावरून आधी गुडघा, मग पाऊल पलीकडे सरकवा. मागच्या सीटवरून जायचंच नाही. बूट गुळगुळीत पाठीचा असेल तर अडकत नाही.

तरीही जमत नसेल तर उंची मिळवा. घराच्या ओट्याला किंवा पायरीला डावी बाजू लावून गाडी उभी करा. पायरी 15 सेंटिमीटर उंच असेल तर तुमच्यासाठी सीट 15 सेंटिमीटर बुटकी झाली. बाहेरगावी फुटपाथची कड चालते.

दोन चाचण्या घरी करा, भिंतीजवळ. एका पायावर, आधार न घेता, 10 सेकंद उभं राहता येतं का, दोन्ही पायांवर वेगवेगळं. आणि खुर्चीवरून हात न लावता सलग पाच वेळा उठता येतं का. एखादी जमली नाही तर दीड-दोन महिने व्यायाम करून मग गाडी काढा: खुर्चीवरून उठ-बस 10 चे दोन फेरे, पायरीवर टाचा उचलणं 15 चे दोन, आणि एका पायावर उभं राहणं रोज. मानेसाठी हनुवटी खांद्याकडे नेऊन 15 सेकंद धरा, दोन्ही बाजूंनी. मान वळत नसेल तर मागून येणारी गाडी आरशाच्या आंधळ्या कोपऱ्यात राहते. तोवर दोन्ही आरशांना छोटे बहिर्गोल आरसे चिकटवा.

मधुमेहामुळे तळपायाची संवेदना गेली असेल, डोळे मिटून अंगठा वर आहे की खाली हे सांगता येत नसेल, तर पायाने ब्रेक दाबायची गाडी नको. किती दाबला ते मेंदूला कळत नाही. अशांनी हातातच दोन्ही ब्रेक असलेली बिनगिअरची स्कूटर डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

डबलसीट_ताई

मागे बसणाऱ्यांबद्दल कुणीच नीट लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

चढताना: चालवणारा आधी बसलेला, दोन्ही पाय जमिनीवर, साईड स्टँड वर केलेला, पुढचा ब्रेक दाबलेला. साईड स्टँडवर गाडी असताना मागून चढू नका. फूटरेस्टवर उभं राहिलं की सगळं वजन त्या एका काडीवर येतं आणि स्टँड वाकतो. मागचीने ‘चढते’ म्हणायचं आणि त्याने ‘चढ’ म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. डावा हात त्याच्या डाव्या खांद्यावर, उजवा मागच्या कडीवर, डावा पाय फूटरेस्टवर. अंग गाडीच्या मध्याकडे नेत वर जायचं. खांदा आपल्याकडे ओढला की गाडी डावीकडे येते. गुडघे दुखत असतील तर पायरीपाशी गाडी लावून आधी बाजूने बसा, मग उजवा पाय पलीकडे घ्या. उतरतानाही तेच उलट, आणि ‘उतर’ म्हटल्यावरच.

बसताना: दोन्हीकडे पाय टाकूनच, लांबच्या रस्त्याला तरी. सलवार, पँट चालते. नऊवारी नेसणाऱ्या आजींना तर काष्ट्यामुळे पाय टाकून बसणं सोपंच आहे. पण सोगा आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला हवा. ओढणी गळ्यात नको, जॅकेटच्या आत. चाकात गेलेली ओढणी गळ्याला फास लावते.

हेल्मेट: अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, वर तरंगतं आणि पट्टा ढिला राहतो. केस मानेपाशी खाली वेणीत, पिना काढून. पट्ट्याखाली जेमतेम दोन बोटं गेली पाहिजेत. आयएसआय खूण दोघांच्याही हेल्मेटवर हवी, कायद्याने मागच्यालाही सक्ती आहे.

धरायचं कुठे: एक हात चालवणाऱ्याच्या कमरेला, एक मागच्या कडीला. दोन्ही हात खांद्यावर ठेवले तर प्रत्येक खड्ड्यात त्याचं हँडल हलतं. ब्रेक लागताना हेल्मेट हेल्मेटला आपटतं, त्याचं कारण मागचीला आगाऊ कळत नाही. तिने त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघायचा. वळणावर ज्या बाजूला वळतोय त्या बाजूच्या खांद्यावरून बघितलं की अंग आपोआप योग्य तेवढं झुकतं. उलट बाजूला झुकणं हे सगळ्यात वाईट.

खुणा ठरवा: खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. वाऱ्यात ओरडलेलं ऐकू येत नाही, आणि साठीनंतर दोघांपैकी एकाला तर येतच नाही.

शेवटचं महत्त्वाचं. पन्नाशीनंतर बायकांची हाडं ठिसूळ होतात. गतिरोधकावर चालवणारा हँडल धरून पायांवर झेलतो, मागचीला दिसत नाही आणि तिचा मणका सीटवर आपटतो. मणका दबून चपटा होण्याला एवढा धक्काही पुरतो. गतिरोधक चालण्याच्या वेगाने, आणि आधी ‘धक्का’ असं मोठ्याने सांगून. बॅकरेस्ट नक्की लावा, पण तो माकडहाडाच्या वर, कमरेच्या खोलगटीत टेकला पाहिजे.

एमएच१०_तासगाव

ताई, सगळं पटलं. पण पाचवारी साडीत एका बाजूलाच बसणार अशा बायका आपल्याकडे बहुसंख्य. त्यांना ‘नको’ म्हणून काय उपयोग? कमीत कमी धोका कसा?

डबलसीट_ताई

बरोबर आहे दादा. तर मग असं. साडीगार्ड मागच्या चाकाच्या निम्म्या भागाला तरी झाकणारा हवा, नियमही तसाच आहे. नवीन गाड्यांचा नाजूक साडीगार्ड लोक बाजूची बॅग लावताना काढून टाकतात, तो परत लावा. बाजूने बसणारीसाठी रुंद, पट्टीचा फूटरेस्ट, दोन्ही पावलं टेकतील असा. टांगते पाय सगळ्यात धोक्याचे. चप्पल मागून पट्ट्याची.

बसताना शक्य तितकं मागे सरकून, गाडीच्या मध्यरेषेवर, उजवा हात त्याच्या कमरेभोवती. पदर आणि निऱ्या मांडीखाली. चालवणाऱ्याने लक्षात ठेवायचं की वजन डावीकडे आहे, त्यामुळे सरळ जाताना गाडी किंचित उजवीकडे कलवून चालवावी लागते. डाव्या वळणाला गाडी पटकन आत पडते, उजव्याला जड जाते. वेग 40 च्या आत आणि घाटात अजिबात नको.

पाना_नंबर_दहा

डबलसीटची जुळणी, क्रमाने.

हवा. चाकं थंड असताना, म्हणजे घरून निघताना किंवा दोन किलोमीटरच्या आतल्या पंपावर. आकडा मेकॅनिकला विचारू नका, चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणारा दांडा) कंपनीचं स्टिकर असतं. उदाहरण म्हणून अ‍ॅक्टिवाला पुढे 22, मागे एकट्याला 29 आणि डबलसीटला 36 पीएसआय. फरक बघा, 7 पीएसआयचा. पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट एकच हवा भरतो. मागची हवा कमी राहिली की टायरच्या भिंती दबतात, वळणावर गाडी लोंबकळल्यासारखी वाटते, टायर तापतो. 300-400 रुपयांत स्वतःचा गेज मिळतो, घ्या.

शॉकअप. मागच्या दोन्ही शॉकअपना खाली खाचांची कडी असते, बहुतेक 5 खाचा. टूलकिटमधल्या हुक पान्याने फिरते. एकट्याला पहिली-दुसरी, डबलसीटला चौथी. दोन्ही बाजू एकाच खाचेवर. एक दुसरीवर आणि एक चौथीवर राहिली की गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते आणि लोक चासी वाकली म्हणून घाबरतात.

चेन. डबलसीटला स्विंगआर्म दबतो तसा चेनचा ढिलेपणा कमी होतो. साधारण 25 ते 30 मिमी खेळ, पण पुस्तकातलाच आकडा धरा. ताणलेली चेन गिअरबॉक्सची बेअरिंग खाते.

लाईट. मागे वजन आलं की पुढचा झोत वर जातो, समोरच्याच्या डोळ्यात आणि आपल्या रस्त्यावर अंधार. भिंतीपासून 5 मीटरवर गाडी लावा, एकटे बसून डिपरच्या झोताच्या वरच्या कडेला खडूने रेघ मारा. मग दोघं बसा, झोत परत रेघेवर येईपर्यंत हेडलाईट खाली करा.

ब्रेक. मागे माणूस बसलं की मागच्या चाकावर वजन जास्त, तेव्हा मागचा ब्रेक एरवीपेक्षा जास्त काम देतो, न लॉक होता. म्हणून ड्रमचे लायनर घाटाआधी बघा. ब्रेक ऑईल दर 2 वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि उतारावर तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग लिव्हर स्पंजासारखा आत जातो.

औषधपेटी

गोळ्यांचं थोडक्यात पण काळजीपूर्वक वाचा.

सर्दीच्या गोळ्यांतली क्लोरफेनिरामिन किंवा सेट्रिझिन, दोन्हींनी झोप येते. रात्री घेतली तरी सकाळी अंमल राहू शकतो. प्रोस्टेटसाठीच्या टॅमसुलोसिनने बसल्यावरून उठताना चक्कर येऊ शकते. म्हणून हॉटेलातून उठल्यावर दोन मिनिटं उभं राहा, मग गाडीकडे जा. लघवी जास्त होणाऱ्या बीपीच्या गोळ्या असतील तर पाणी कमी पिण्याची चूक करू नका. उन्हात घट्ट जॅकेटमध्ये पाणी कमी पडलं की बीपी खाली येतं. दर 50 मिनिटांनी थांबा, पाणी प्या, मोकळे व्हा.

इन्शुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांनी निघण्याआधी साखर तपासा. 90 च्या खाली असेल तर आधी खा. दर दोन तासांनी परत. 70 च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरले, डोक्यात गोंधळ झाला तर जागच्या जागी गाडी लावून तीन चमचे साखर किंवा तेवढा गूळ, 15 मिनिटं थांबून परत तपासणी. साखर नीट झाल्यावरही आणखी पाऊण तास गाडी हातात घ्यायची नाही, मेंदू सावरायला वेळ लागतो. साखरेची पुडी टाकीवरच्या बॅगेत ठेवा, मागच्या डिकीत नको.

रक्त पातळ करणारी औषधं (वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे) असतील तर डोक्याला साधा मार लागला, हेल्मेट होतं, बरं वाटतंय, तरीही त्याच दिवशी दवाखाना. पाकिटात आणि हेल्मेटच्या आत एक चिठ्ठी: रक्तगट, औषधं, घरचा नंबर. रुग्णवाहिका 108, बाकी मदत 112, महामार्गावर 1033.

एमएच११_शाहूपुरी

चष्म्याबद्दल कुणी सांगेल का? दुहेरी नंबरवाला चालेल?

औषधपेटी

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकलमध्ये खालचा भाग जवळचं वाचायचा असतो. स्पीडोमीटर ठीक दिसतो पण चाकापुढचा दोन-तीन मीटर रस्ता पुसट. थांबताना खाली बघितलं की खडीचा अंदाज चुकतो. गाडीसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या, काड्या सरळ आणि पातळ, म्हणजे हेल्मेट घातल्यावर सरकवता येतात. पुढून उघडणारं हेल्मेट असेल तर चष्मा घालणं, पाणी पिणं दोन्ही सोपं. चालवताना मात्र ते बंदच.

उन्हात काळ्या होणाऱ्या काचांबद्दल सावध. बोगद्यात शिरल्यावर त्या लगेच पांढऱ्या होत नाहीत, काही मिनिटं लागतात. खंबाटकीचा बोगदा तोवर संपतो.

मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या दिव्यांभोवती तेजोवलय दिसतं. मग संध्याकाळी सातच्या आत घरात, ऑपरेशन होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत.

घाटवाट

साताऱ्याकडचे रस्ते.

यवतेश्वर-कास, साधारण 25 किमी. चढताना दोघांसाठी दुसरा-तिसरा गिअर, इंजिन कुंथायला लागण्याआधी गिअर उतरवा. उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. न्यूट्रल करून उतरणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर. पावसाळ्यात डोंगराच्या बाजूने पाणी झिरपतं तिथे रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं, हिरवट पट्टा दिसला की त्यावर चाक आणि पाय दोन्ही नको. फुलांच्या हंगामात, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगेत क्लच धरून डावा हात सुन्न होतो. मंगळवार-बुधवार जा. पठारासाठी ऑनलाइन नोंदणी आधी करा.

सातारा शहरातल्या बोगद्यातून परळीच्या रस्त्याने सज्जनगड, पुढे ठोसेघर, चाळकेवाडी. डबलसीटसाठी माझ्या मते जिल्ह्यातला सगळ्यात आनंदाचा रस्ता हाच. गडावर वाहनतळापासून पुढे पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा विचार करून ठरवा. चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत त्या वारा आहे म्हणूनच. आडव्या झोताला हात आवळले की वारा अंगातून हँडलमध्ये जातो आणि गाडी नागमोडी होते. कोपर सैल, गुडघ्यांनी टाकी घट्ट, वेग 40. एखाद्या टेकाडाच्या आडोशातून बाहेर पडतानाचा पहिला झोत सगळ्यात मोठा.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम. समोरून एसटी येत असेल तर वळणात शिरूच नका, अलीकडे सरळ रस्त्यावर डाव्या कडेला थांबा. वळणात बसचं तोंड बाहेर आणि मागची चाकं आत येतात, मधे दुचाकीला जागा उरत नाही. वळणांवर डिझेल सांडलेलं असतं. इंद्रधनुषी तवंग दिसला की गाडी सरळ, ब्रेक नाही, रेस नाही.

साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यानंतर उतारावर एस आकाराचं वळण आहे. मागून ट्रक वेगात येतात. बोगद्यातच वेग ठरवून डाव्या लेनमध्ये बाहेर पडा.

हळदपेठ_सांगली

सांगलीकडे रस्ते सपाट, त्यामुळे ‘आमच्याकडे सोपं’ असा समज होतो. ऊसतोडणीच्या हंगामात, दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत, तसं नाही. ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, त्यांना दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या मोळ्यांखाली झाकलेला. तिन्हीसांजेला मागून धडकायचा धोका खरा. 60 च्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. नजरेला कळायला अर्धा सेकंद जास्त लागला तर 8 मीटर गेले. पुढच्या वाहनापासून तीन सेकंदांचं अंतर, म्हणजे 50 मीटर, आणि सूर्य मावळला की प्रवास बंद.

कारखान्याच्या रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्या गोल असतात, चाकाखाली रुळासारख्या फिरतात. तिरकं जाऊ नका, सरळ काटकोनात ओलांडा. तोडणीच्या फडाजवळ पाचट असतं, ओलं पाचट बर्फासारखं. ट्रॅक्टरच्या चाकांना लागून आलेला काळा चिखल पहिल्या पावसात तितकाच वाईट, आपली काळी माती आहे ती.

सकाळसाठी चांगले रस्ते: देवराष्ट्रे आणि सागरेश्वर अभयारण्य (यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून घरही बघून होतं), दंडोबाचा डोंगर, औदुंबर. जत-आटपाडीकडे मार्चनंतर दहाच्या आत परत फिरा.

माहुली_संगम

लायसनचं मी लिहितो. 55 नंतर नूतनीकरण केलं की 5 वर्षांसाठीच मिळतं. अर्ज सारथी पोर्टलवर, सोबत नोंदणीकृत डॉक्टरांचा फॉर्म 1ए, म्हणजे वैद्यकीय दाखला. त्या फॉर्ममध्ये 25 मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का हा प्रश्न आहे. ते दर सहा महिन्यांनी आपणच गल्लीत करून बघा, 25 मीटर म्हणजे साधारण 33-35 पावलं. मुदत संपण्याआधी 1 वर्षापासून अर्ज करता येतो. संपून 1 वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

पाना_नंबर_दहा

बऱ्याच वर्षांनी परत गाडी घेणाऱ्यांसाठी एक धोका. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असायचा, पहिला वर आणि बाकीचे खाली. आताच्या गाड्यांत उलट. घाबरल्यावर पाय जुन्या सवयीने जातो: डावा पाय ब्रेक समजून गिअर दाबतो आणि गाडी थांबत नाही. मोटरसायकलवाले बिनगिअरच्या स्कूटरवर गेले की डावा लिव्हर क्लच समजून पूर्ण आवळतात, तो ब्रेक असतो, मागचं चाक घसरतं.

यावर इलाज एकच, रिकामं मैदान आणि रोज 20 मिनिटं, दोन आठवडे. आधी 20 च्या वेगाने फक्त ब्रेक, मग 30, 40. मग दोन वीट 5 मीटर अंतरावर ठेवून त्यांच्याभोवती आठचा आकडा: पहिला गिअर, क्लच अर्धा, रेस एकसारखी, मागचा ब्रेक हलका लागलेला, नजर पुढच्या विटेकडे. मागचा ब्रेक लावून ठेवल्याने गाडी ताणलेली राहते आणि तोल सुटत नाही. एकट्याने जमल्याशिवाय डबलसीट नको. मागे आधी 20 किलोचं तांदळाचं पोतं बांधून करा.

आठवड्यातून एकदाच निघणाऱ्या गाडीचं: टायरच्या नक्षीकडे बघू नका, वय बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. 5-6 वर्षांत रबर कडक होतं, नक्षी नवी दिसली तरी ओल्यात धरत नाही. महिनाभर उभी ठेवायची असेल तर मधल्या स्टँडवर, बॅटरीची ऋण वायर सोडून. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ओल धरते, जुन्या लोखंडी टाकीला आतून गंज चढतो, म्हणून टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा.

मधल्या स्टँडवर लावताना गाडी उचलायची नसते. उजव्या पायाने स्टँडचं टोक दाबून दोन्ही पाय जमिनीला टेकलेत हे आधी चाचपा, मग सगळं वजन त्या पायावर देऊन उभे राहा. हात फक्त दिशा देतात.

एमएच१०_तासगाव

आणि एवढं करूनही पडलीच तर? 190 किलोची गाडी या वयात उचलावी का?

फिजिओ_मिरज

एकट्याने नाही. हर्निया, अँजिओप्लास्टी, मणक्याचं दुखणं यातलं काही असेल तर दोघांनीही नाही, वाटेने जाणाऱ्या दोन तरुणांना हाक मारा. मदतीला आलेल्यांना हे सांगा: चावी बंद, गाडी उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढा, गिअर टाका. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा. सीटकडे पाठ करून, ढुंगण सीटच्या कडेला टेकवून, एक हात खालच्या ग्रिपवर आणि एक मागच्या कडीवर. पाठ सरळ, लहान पावलं मागे टाकत पायांच्या जोराने. गाडीकडे तोंड करून हातांनी ओढलं की कंबर जाते.

पाना_नंबर_दहा

उचलल्यावर लगेच सेल्फ मारू नका. पाच मिनिटं उभी ठेवा, तेल परत खाली बसू द्या. क्लच आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर वाकलाय का, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतं का, ब्रेकचा पेडल आत दबून अडकलाय का ते बघा. लिव्हरचं गोळीचं टोक तुटलं असेल तरी चालतं, मधून चीर गेली असेल तर बदलूनच निघा. जास्तीचा एक क्लच लिव्हर आणि एक केबल डिकीत कायम असू द्या, ठोसेघरला गॅरेज शोधत बसावं लागत नाही.